गेममधले डबे आणि आमचा आचारी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्या रविवारच्या पुरवणीत मोबाईल गेमवर एक लेख आला होता, चांगला होता, आईने कापून ठेवलाय, पण त्यात जाता जाता एक वाक्य टाकून दिलं होतं की मराठीचे फॉन्टच नसतात म्हणून गेममध्ये मराठी लिहिलं की डबे दिसतात. डबे दिसतात हे खरंय. फॉन्ट नसतात हे साफ चूक. आणि हे मी ऐकीव सांगत नाहीये, आम्ही तिघं मित्र नाशिकला गेम बनवतो, म्हणजे दिवसा दुसऱ्यांसाठी कोड लिहितो आणि रात्री जेवणं झाल्यावर स्वतःचा गेम, आणि गेली दोनेक वर्षं त्यातला निम्मा वेळ ह्या डब्यांच्या मागे गेलाय, त्यामुळे म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं. पत्र लांबलंय, हवं तसं कापा.

आधी डबा म्हणजे काय ते सांगतो. कम्प्युटरला क वगैरे काही कळत नाही, त्याला नंबर कळतो, युनिकोड म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना एकेक नंबर देणारी यादी, त्यात क चा नंबर २३२५, ळ चा २३५५. फॉन्ट म्हणजे एक वही, ह्या नंबराला हे चित्र काढ. वहीत तो नंबरच नसला तर फॉन्ट आपलं शून्य नंबरचं चित्र काढून देतो, आणि बहुतेक फॉन्टमध्ये ते शून्य नंबरचं चित्र म्हणजेच तो रिकामा चौकोन. ह्याला जगभर टोफू म्हणतात, ते पांढरे सोयाबीनचे चौकोनी तुकडे असतात ना त्यावरून. गूगलने मोनोटाइप ह्या फॉन्ट कंपनीबरोबर जो मोठा फॉन्टसंच केला, २०१६ साली पूर्ण जाहीर केला, आठशेच्या वर भाषांसाठी, त्याचं नाव नोटो ह्यावरूनच आहे, नो टोफू. त्यात देवनागरी आहे. फुकट आहे. म्हणजे तुमच्या लेखातलं वाक्य तिथेच निकालात निघतं.

पण मग डबे का दिसतात? कारण गेम बनवणारा एक छान ठसठशीत इंग्रजी फॉन्ट निवडतो, त्याच्या वहीत इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं मिळून शंभर-दोनशे चित्रं, आणि पुढे कोणी तिथे मराठी नाव टाकेल हे त्याच्या डोक्यातच येत नाही. ह्यावर उपाय म्हणजे फॉलबॅक फॉन्ट. एका वाण्याकडे हिंग नाही मिळाला तर आपण शेजारच्या दुकानात जातो, तसंच, पहिल्या फॉन्टमध्ये अक्षर नाही सापडलं तर यादीतला दुसरा बघ, नाही तर तिसरा, आणि सगळी दुकानं पालथी घालूनही नाही मिळालं तरच डबा दाखव. सगळ्या मोठ्या इंजिनांत, म्हणजे गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरांत, ही सोय आहे. युनिटी इंजिनाच्या टेक्स्टमेश प्रो ह्या अक्षरं दाखवणाऱ्या भागात फॉन्टला फॉलबॅकची यादी जोडता येते आणि अक्षर कुठेच नसेल तर ते कन्सोलमध्ये, म्हणजे बनवणाऱ्याला संदेश दिसतात त्या खिडकीत, पिवळा इशारा पण देतं की बाबा अमुक नंबरचं अक्षर ह्या फॉन्टमध्ये नाही, फॉलबॅकमध्येही नाही, मी त्याजागी चौकोन ठेवलाय. अनरियलमध्ये ह्या लिपीला हा फॉन्ट त्या लिपीला तो, असं वाटून देता येतं. गोडोटमध्येही यादी आहे. म्हणजे दोन मिनिटांचं काम आहे. ते करायचं कोणी, एवढाच प्रश्न.

आता आमची फजिती ऐका.

आमचा गेम एका जुन्या वाड्यात घडतो, थोडा रहस्य प्रकार आहे, सगळे संवाद मराठीत. गोडोट ४ मध्ये बनवलाय. माझ्या लॅपटॉपवर पहिल्या दिवसापासून मराठी झकास दिसत होतं, मी खूश, फॉलबॅक लावलाच नव्हता, म्हटलं लागतच नाही की. मग आम्ही ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती काढली आणि निफाडच्या आत्याला लिंक पाठवली, ती टॅबवर पत्ते वगैरे खेळत असते, आमची पहिली टेस्टर. तिचा फोन आला, "अरे हे काय लॉटरीचे नंबर दिलेत का रे तुम्ही?" स्क्रीनशॉट मागवला तर सगळे संवाद म्हणजे डब्यांची रांग, आणि प्रत्येक डब्याच्या आत बारीक आकड्यांत ०९१५, ०९३०, ०९२४, म्हणजे तेच युनिकोडचे नंबर, फक्त प्रोग्रामर वापरतात त्या सोळाच्या हिशोबात, ०९१५ म्हणजे मघाचा २३२५. गोडोट रिकामा डबा न दाखवता आत त्या अक्षराचा नंबर लिहितं, प्रोग्रामरला सोय म्हणून. आत्याला कसली सोय.

कारण काय निघालं, तर गोडोटमध्ये एक सोय आपोआप चालू असते की गेमच्या फॉन्टमध्ये अक्षर नसेल तर ज्या मशीनवर गेम चाललाय त्या मशीनचा फॉन्ट वापर. माझ्या विंडोजमध्ये निर्मला नावाचा फॉन्ट मुळातच बसवलेला येतो, त्यात देवनागरी असते, गेम गुपचूप तो घेत होता. ब्राउझरमध्ये गोडोटच्या गेमला मशीनच्या फॉन्टला हातच लावता येत नाही. म्हणजे आमच्या घरात दिवा लागत होता तो शेजारच्या तारेवर आकडा टाकून, आणि आम्ही समजत होतो मीटर आपलाच आहे. तेव्हापासून आमच्यात नियम झालाय, काम करताना ती मशीनच्या फॉन्टची सोय बंद ठेवायची, म्हणजे डबा आधी आपल्याला दिसतो, आत्याला नंतर.

बरं मग लावला फॉलबॅक, डबे गेले, पेढे वाटले. इथे बहुतेक लोक थांबतात आणि इथेच मराठीचं खरं दुखणं सुरू होतं, कारण इंग्रजीत, रशियनमध्ये एक नंबर एक चित्र असं चालतं, आपल्यात नाही चालत. 'पिठलं' घ्या. साठवताना क्रम असतो प, मग पहिली वेलांटी, मग ठ. दाखवताना वेलांटी प च्या आधी यायला हवी. ज्या इंजिनाला हे माहीतच नाही ते आलेल्या क्रमाने चित्रं ठेवतं आणि स्क्रीनवर 'पठिलं' दिसतं. डबा एकही नाही, फॉन्ट बरोबर, फॉलबॅक बरोबर, आणि जेवायला पठिलं. जोडाक्षरांचं तर विचारूच नका, सगळे पाय मोडलेले, गर्दी 'गर्‌दी' होऊन बसते.

ही जुळवाजुळव करणाऱ्या कामाला शेपिंग म्हणतात आणि त्यासाठी हार्फबझ नावाची एक फुकट लायब्ररी, म्हणजे कोणालाही वापरता येणारा तयार कोड, आहे, अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस सगळीकडे तीच आहे, नाव फारसीवरून आलंय, हर्फ म्हणजे अक्षर, आपल्या हरफ शब्दाचंच भावंड. गोडोटमध्ये ती मार्च २०२३ ला आवृत्ती ४ आली तेव्हापासून आहे, त्याआधीच्या ३ मध्ये मराठी लिहिणं म्हणजे नुसता वैताग होता. अनरियलमध्ये आहे. युनिटीत मात्र जो टेक्स्टमेश प्रो सगळे वापरतात त्यात हे होत नाही, त्यामुळे लोक जोडाक्षरांना खोटे नंबर देऊन स्वतःचे जुगाड करतात, मी पण नोकरीत केलेत, आणि युनिटी ६ मध्ये आता हार्फबझवर चालणारा नवा प्रकार आलाय पण तो त्यांच्या यूआय टूलकिटपुरता, म्हणजे बटणं-मेनू बनवायच्या भागापुरता. तुमच्या वाचकांमधला कोणी कॉलेजचा पोरगा मराठी गेम करणार असेल तर इंजिन निवडायच्या आधी त्यात 'पिठलं' लिहून बघ म्हणावं, दहा सेकंदांत कळतं.

आणि गंमत अशी की हार्फबझ एका वेळी एकाच फॉन्टवर काम करतं, फॉलबॅक त्याचं काम नाही, ते इंजिनाने करायचं. इथे ज्याने घाईत लिहिलंय तो अक्षरागणिक फॉलबॅक लावतो, ह्या नंबराला पहिला फॉन्ट, त्या नंबराला दुसरा. आपल्या एका जोडाक्षरात चार-चार नंबर असतात. त्यातला एक पहिल्या दुकानातून आणि बाकीचे दुसऱ्या दुकानातून आले की ते जुळणार कसे, एकाच मांडवात बसलेले पण पंगती वेगळ्या. म्हणून जो काय फॉन्ट बदलायचा तो अख्ख्या अक्षरासाठी, म्हणजे 'ज्ञा' असेल तर ज पासून काना संपेपर्यंत सगळा गठ्ठा एकत्र दुसऱ्या फॉन्टकडे द्यायचा.

हे मला कुठे नडलं ते सांगतो, हाच ह्या पत्राचा मुख्य भाग आहे.

आमच्या गेममध्ये एक पायरी आहे, वाड्यातल्या आचाऱ्याला भेट. आचारी म्हणजे स्वैपाकी, त्याच्याकडे कोठीची किल्ली असते. ते वाक्य आमच्या लेखक मित्राने त्याच्या जुन्या लॅपटॉपवर टाइप केलं. आता तो र चा जो आडवा छोटा तुकडा आहे, दऱ्या, तऱ्हा, सुऱ्या मधला, तो दोन प्रकारे साठवता येतो. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ आणि पुढे हलन्त. दुसरा जुना प्रकार, साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. त्या जोडचिन्हाचा नंबर, त्याच सोळाच्या हिशोबात, २००डी. ते दिसत नाही, त्याला रुंदी नाही, त्याचं काम एवढंच की बाबा इथे रफार करू नको, र चा तुकडा आडवा ठेव. मित्राच्या कीबोर्डने दुसरा प्रकार टाकला होता.

आत्याच्या प्रकरणानंतर मी हौसेने एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती जी संवादांची अख्खी शीट वाचते आणि आमच्या फॉन्टमध्ये कुठला नंबर नाही ते सांगते. तिने सांगितलं, २००डी नाही. तिसरा मित्र म्हणाला हा कॉपी-पेस्टमधून आलेला कचरा आहे, काही दिसतच नाही ह्याचं, आणि त्याने एक ओळ टाकून शीटमधून सगळे २००डी उडवले. इशारा गेला, यादी रिकामी, सगळे झोपायला गेले.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या वाड्यात आचारी नव्हता, आचार्य होते. "वाड्यातल्या आचार्याला भेट." माझ्या चुलतभावाचा एक मित्र टेस्ट करत होता, तो पाऊण तास वाड्याच्या देवघरात आणि देवळाच्या ओसरीवर फिरत बसला, तिथे आम्ही एक कीर्तनकार ठेवलाय, त्याच्याशी सात वेळा बोलला, की आता तरी हा किल्ली देईल. स्वैपाकघरात गेलाच नाही. जाईल कशाला? आणि आम्हाला कोणालाच कळेना गडबड कुठे आहे कारण डबा नाही, इशारा नाही, शब्द शुद्ध मराठी, शब्दकोशात सापडणारा. पुढे एका ठिकाणी 'किल्ल्यामागच्या दऱ्या' चं 'किल्ल्यामागच्या दर्या' झालेलं दिसलं, सह्याद्रीत समुद्र, तेव्हा ट्यूब पेटली.

मला विचाराल तर डबा बरा. डबा निदान कबूल करतो की मला येत नाही. अक्षर सापडलं नाही म्हणून ते काढूनच टाकणं हा सगळ्यात वाईट फॉलबॅक, आणि विश्वास ठेवा पुष्कळ ठिकाणी लोक हेच करतात, डबा कुरूप दिसतो म्हणून त्याजागी रिकामी जागा दाखवायची, झालं. स्क्रिप्टमध्ये आम्ही आता अदृश्य चिन्हांना वेगळं काढलंय, ती फॉन्टमध्ये नसली तरी चालतात, शेपिंग करणारा त्यांचा अर्थ लावून घेतो, त्यांना हात लावायचा नाही.

अजून एक गोष्ट आहे जी पेपरवाल्यांना लगेच पटेल. ॲ. हे अक्षर, म्हणजे अ वर चंद्र, युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं २००८ साली, आवृत्ती ५.१ मध्ये. बाकी बहुतेक देवनागरी १९९१ पासून होती. त्याआधीचे जे फॉन्ट आहेत त्यांच्या वहीत ॲ नाही. आता आमच्या सेटिंगमध्ये 'ॲनिमेशन बंद करा' असं बटण होतं, मुख्य फॉन्ट जुना, जाडजूड, कोणीतरी हौशीने केलेला, फॉलबॅक नोटो. तर बटणावर 'निमेशन बंद करा' हे जाड आणि सुरुवातीचा ॲ एकटा बारीक, शिरोरेषा दोन मजल्यांवर. लग्नाच्या फोटोत एक माणूस वेगळ्याच लग्नातला दिसावा तसं. आणि ॲ नव्हतं तेव्हा लोक अ पुढे चंद्र टाकून काम भागवायचे, कोणी मध्ये ते अदृश्य जोडचिन्ह टाकायचे, ती सवय अजून गेली नाहीये, त्यामुळे 'ॲप' हा एक शब्द आज तीन प्रकारे साठवलेला सापडतो आणि त्यातला अ अधिक चंद्र हा प्रकार पुष्कळ ठिकाणी मध्येच एक टिंबाटिंबाचा गोल घेऊन येतो. पेपरांच्या वेबसाईटवर हा गोल मी रोज बघतो. तो डबा नाही बरं का. तो गोल म्हणजे शेपिंग करणारा म्हणतोय की हा चंद्र मला टेकायला जागा मिळाली नाही. हा फॉन्ट बदलून जाणार नाही, मजकूर बदलूनच जाईल.

हे ओळखता येणं फार उपयोगाचं आहे म्हणून सांगतो, कारण लोक सगळ्यालाच 'फॉन्टचा प्रॉब्लेम' म्हणतात. रिकामा चौकोन दिसला तर फॉन्टमध्ये अक्षर नाही, फॉलबॅक लाव. टिंबांचा गोल दिसला तर मजकुराचा क्रम किंवा जोडणी चुकलीय. नुसती प्रश्नचिन्हं ????? दिसली तर मजकूर मध्ये कुठेतरी जुन्या पद्धतीने सेव्ह होऊन कायमचा मेला, आता जगातला कुठलाही फॉन्ट तो परत आणणार नाही. आणि काळ्या हिऱ्यात प्रश्नचिन्ह दिसलं तर बाइट, म्हणजे अक्षराचा नंबर साठवायचे छोटे तुकडे, मध्येच कापले गेलेत. ह्या शेवटच्याचा नमुना आमच्या घरातलाच आहे. भाचीचं नाव ज्ञानेश्वरी, तिने एका बाहेरच्या गेममध्ये आपलं नाव टाकलं, तिथे नावाला सोळाची मर्यादा होती. वाचताना तिचं नाव चार अक्षरी, ज्ञा ने श्व री. साठवताना नंबर होतात अकरा, आणि देवनागरीच्या प्रत्येक नंबराला यूटीएफ-८ ह्या साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत तीन बाइट लागतात, म्हणजे तेहतीस. गेम बनवणाऱ्याने सोळा अक्षरं न मोजता सोळा बाइट मोजले. पाच नंबर पूर्ण बसले आणि सहाव्याचा एकच बाइट. तर यादीत तिचं नाव आलं 'ज्ञान�'. ज्ञान, आणि पुढे शंका. घरात आम्ही तिला आता त्याच नावाने चिडवतो.

रुपयाचं चिन्ह पण असंच छळतं. ₹ आलं २०१० साली, जुलैमध्ये सरकारने मंजूर केलं आणि त्याच वर्षी युनिकोडमध्ये गेलं, ते देवनागरीच्या रांगेत नाहीये, चलनांच्या वेगळ्या रांगेत आहे. म्हणजे मराठी फॉन्ट लावला म्हणून ₹ मिळेलच असं नाही आणि सजावटीच्या इंग्रजी फॉन्टात तर हमखास नसतं. आणि गेममधल्या वस्तूची किंमत आपण लिहीत नाही, ती दुकानाच्या सर्व्हरकडून तयार मजकूर म्हणून येते, त्यामुळे आपल्या शीटमध्ये ₹ कधी नसतंच आणि माझी ती हुशार स्क्रिप्ट पण काही बोलत नाही. किमतीपुढे डबा बघून कोण पैसे देईल.

थोडं अजून खोलात जातो, नको असेल तर हा परिच्छेद सोडा. गेममध्ये अक्षरं दर सेकंदाला साठ वेळा काढायची असतात त्यामुळे ती आधीच एका मोठ्या चित्रावर छापून ठेवतात, त्याला ॲटलास म्हणतात, आणि लागेल तो तुकडा तिथून उचलतात. इंग्रजीला छोटंसं चित्र पुरतं. मराठीवाले काय करतात तर युनिकोडच्या देवनागरी रांगेतले १२८ नंबर देऊन ॲटलास बनवतात आणि म्हणतात झालं. नाही होत, कारण जोडलेला क्ष, अर्धा त, रफार, आडवा र ह्यांना स्वतःचा नंबरच नाही, ती चित्रं फॉन्टच्या पोटात असतात आणि शेपिंग झाल्यावरच कळतं कुठलं लागणार. आणि खेळणारा स्वतःचं नाव काय टाकेल हे आधी कोणालाच माहीत नसतं, तेव्हा फॉलबॅकचा ॲटलास चालत्या गेममध्ये वाढणारा ठेवावाच लागतो, मग तो ऐन धावपळीत वाढला की गेम जरासा अडखळतो, म्हणून आम्ही माहीत असलेले संवाद सुरुवातीलाच, लोडिंगच्या वेळी, एकदा शेप करून घेतो. जपानी लोकांनी ह्याच्याहून भयंकर दिवस काढलेत म्हणा. ड्रॅगन क्वेस्टचा पहिला भाग १९८६ चा, अख्खा गेम ६४ केबीत, आज व्हॉट्सॲपवर येणारा सुप्रभातचा फोटो त्याच्यापेक्षा मोठा असतो, तर जागा वाचवायला त्यांनी काताकाना लिपीतली मोजकीच अक्षरं ठेवली आणि राक्षसांची नावं त्याच अक्षरांत बसतील अशी ठेवली. तेव्हा इलाज नव्हता. आज नोटोचा देवनागरी फॉन्ट दोन-अडीचशे केबीच्या आसपास आहे आणि गेम असतो शेकडो एमबीचा.

उंचीचंही बघावं लागतं. 'मूर्तींना' हा शब्द गेममध्ये लिहून बघा, मू च्या खाली ऊकार, र्तीं च्या डोक्यावर रफार, वेलांटी आणि अनुस्वार सगळे दाटीने उभे. इंग्रजीच्या मापाने काढलेल्या बटणात ह्या शब्दाचं डोकं उडतं. आणि फॉलबॅकचा फॉन्ट त्याच मापाला कधी लहान दिसतो कधी मोठा, तेव्हा त्याला थोडं वाढवायचं किंवा घटवायचं, बहुतेक इंजिनांत तो आकडा असतो, कोणी बघत नाही.

आता तुमच्या लेखातल्या 'फॉन्ट नाहीत' वर परत येतो. नोटो झालाच. मुंबईच्या एक टाइप ह्या मंडळींनी केलेले मुक्त, बलू, मोदक हे फॉन्ट आहेत, मोदक तर नावासारखाच गुबगुबीत, लहान मुलांच्या गेमला झकास. टिरो देवनागरी मराठी नावाचा फॉन्ट आहे, मुद्दाम मराठी वळणाचा, हिंदी आणि संस्कृतसाठी त्याची वेगळी भावंडं आहेत. हे सगळे खुल्या परवान्यावर आहेत, विकायच्या गेममध्येही टाकता येतात, फक्त नुसता फॉन्ट वेगळा विकायचा नाही आणि परवान्याची फाइल बरोबर ठेवायची. विंडोजमधले मंगल किंवा निर्मला उचलून गेममध्ये टाकू नका, ते मायक्रोसॉफ्टचे आहेत, मंगल मात्र आपल्या र. कृ. जोशींनी काढलेला, एवढं अभिमानाने सांगून सोडून द्यायचं. ल आणि श चंही एक आहे, काही फॉन्टांत मराठी वळणाचे ल-श आत दडलेले असतात पण इंजिनाने 'हा मजकूर मराठी आहे' असं सांगितलं तरच बाहेर येतात, न सांगितलं की हिंदी वळणाचे. ते सांगायला एक ओळ लागते. आमच्या गेममध्ये ती ओळ टाकल्यावर आत्याला फरक कळला नाही, बाबांना कळला, ते शाळेत फळ्यावर अक्षर गिरवून घ्यायचे.

आणि एक विनंती तुमच्या ओळखीच्या लेखक, अनुवादक मंडळींना. जुन्या पद्धतीच्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर गेमवाल्याला देऊ नका हो. कृतिदेवसारख्या फॉन्टात 'मराठी' असं दिसतं पण साठवलेलं असतं ई, जे, के, मोठा बी, एच, ही इंग्रजी अक्षरं, फक्त चित्रं मराठी. तिथे फॉलबॅक पूर्ण आंधळा होतो, कारण ई आणि जे तर प्रत्येक फॉन्टमध्ये असतातच, मग कशाला कोणी दुसऱ्या दुकानात जाईल, कशाला इशारा येईल. आमच्याकडे एका काकांनी मोठ्या प्रेमाने चाळीस उखाणे असे पाठवले होते. सगळे परत टाइप केले.

८ कोटींच्या वर माणसं बोलतात ही भाषा, २०२४ च्या ऑक्टोबरात अभिजात दर्जा पण मिळाला, आणि माझ्या भाचीला स्वतःचं नाव अजून त्या गेममध्ये धड टाकता येत नाही. त्या कंपनीला मी दोनदा मेल केलाय, गेमच्या फॉन्टची यादी, कुठे काय जोडायचं, नावाची मर्यादा बाइटवर लावलीय ती कशी बदलायची, सगळं लिहून. उत्तर आलंय की आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा आहे. तेव्हा तुमच्या पुरवणीत पुढच्या वेळी ह्या विषयावर काही आलं तर फॉन्ट नाहीत असं कृपा करून लिहू नका, नाहीतर त्यांना आयतं कारण मिळतं. आणि जी मुलं गेम बनवतायत त्यांना आम्ही वापरतो ती एक ओळ देतो, नवीन फॉन्ट लावला की आधी हीच ओळ स्क्रीनवर आणायची, "ज्ञानेश्वरीने आचाऱ्याच्या सुऱ्या, पिठलं आणि मूर्तींना लावायची हळद ₹५० ला घेऊन ॲक्शन केली." अर्थ काही नाही. पण ही ओळ मशीनचा फॉन्ट बंद ठेवून, ब्राउझरमध्ये, एखाद्या जुन्या टॅबवर नीट दिसली तर बाकी गेम दिसतो.

आपला,
एक वाचक, नाशिक

ता. क. — पत्र युनिकोडमध्ये टाइप केलंय. छापायला घेताना तुमच्या डीटीपीवाल्यांना सांगा की मजकूर तिकडच्या फॉन्टात बदलताना आचाऱ्याकडे जरा लक्ष ठेवा, त्याचा तिथे पुन्हा आचार्य झाला तर वाचणाऱ्याला कळायचंच नाही मी एवढा कशावरून चिडलोय.